करंटबाबाचं तांब्याचं कडं

दर गुरुवारी संध्याकाळी चाकणहून खराबवाडीकडे जाणारा रस्ता तुंबायचा. कंपन्यांची शिफ्ट सुटायची वेळ तीच, पण ही गर्दी घरी जाणाऱ्यांची नसायची. रस्त्याकडेला क्रेन उभ्या राहायच्या, टोइंगच्या गाड्या लागायच्या, दोन-तीन रुग्णवाहिका दिवे बंद करून झाडाखाली दम खात असायच्या. त्यांतून उतरलेली माणसं चपला हातात घेऊन जुन्या भंगार यार्डाच्या फाटकातून आत शिरायची. आत पत्र्याच्या शेडखाली विद्युतानंद महाराजांचा मठ होता. भक्त प्रेमाने त्यांना करंटबाबा म्हणत.

मठात मूर्ती नव्हती. चौथऱ्यावर होती एक पांढरी हायब्रिड गाडी, अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी विजेवर चालणारी. नाक चेपलेलं, पण बाकी धडधाकट. बॉनेटवर हळदीकुंकू, आरशांना झेंडूच्या माळा, मागच्या डिकीला लाल मखमलीचा पडदा. गाडीच्या पोटातून दोन जाड केशरी तारा बाहेर काढून एका लाकडी फळीवर आणल्या होत्या. त्यांची उघडी तांब्याची टोकं समईच्या उजेडात चमकत होती.

"बाळांनो, या तारेचा रंग कोणता?" बाबांनी विचारलं. अंगावर भगवी कफनी, दाढी विंचरलेली, मनगटात तांब्याचं जाडजूड कडं.

"केशरी!" गर्दी गरजली.

"केशरी! जगातल्या झाडून साऱ्या कंपन्या या तारेला केशरीच रंग देतात. निळा का नाही देत? हिरवा का नाही? अरे, त्या परदेशी इंजिनियरच्या स्वप्नात कोण गेलं होतं?"

"वीजमाता!"

"पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह! शिव आणि शक्ती! आपलंच सगळं उचलून नेलं आणि आता आपल्यालाच विकतात. वर सांगतात काय, तर रबराचे हातमोजे घाला म्हणे. रबर म्हणजे संशय! आईच्या कुशीत शिरताना कुणी मोजे घालतं का रे?"

लोक खदखदून हसले. शेवटच्या रांगेत उभी असलेली हर्षाली हसली नाही. ती ताथवड्याच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात वाहनशास्त्र शिकवत होती. तारेचा रंग केशरी का, हे तिचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगू शकला असता. अपघातात चेंदामेंदा झालेल्या गाडीतही बचाव करणाऱ्याला ती तार लांबून दिसावी आणि त्याने हात आखडता घ्यावा, म्हणून. 'शिवू नका' असं ओरडून सांगणाऱ्या रंगाला या माणसाने 'या, कवटाळा' असं म्हणायला लावलं होतं.

बाबांनी खूण केली. त्यांचा पट्टशिष्य साहेबराव याने गाडीचं बटण दाबलं. ना इंजिन धडधडलं, ना काही हललं. पण फळीवरचा खटका ओढताच तारांना जोडलेली बल्बांची माळ लख्ख पेटली. बायाबापड्यांनी हात जोडले. मग साहेबरावाने गाडी बंद केली, दिवे शांत झाले आणि आरती सुरू झाली. आरती चांगली लांबलचक होती. साहेबराव नैवेद्याचं ताट घेऊन डिकीच्या पडद्याआड गेला आणि झेंडूने भरलेलं ताट घेऊन परत आला. आरती संपली. बाबांनी मनगटातलं कडं काढून वीजमातेच्या तसबिरीपाशी ठेवलं, डोळे मिटले आणि दोन्ही उघडी टोकं दोन मुठींत धरली.

काहीच झालं नाही. बाबा नुसते मंद हसत राहिले. शेड दणाणून गेली.

"आता साक्ष ऐका," साहेबराव माइकवर म्हणाला.

एक तरुण पुढे आला. डाव्या हातात काचेची पेटी होती, पेटीत वितळून वाकडंतिकडं झालेलं तांब्याचं कडं. त्याचा उजवा हात मनगटापाशी संपत होता.

"मी ओंकार," तो म्हणाला. "हायवेला क्रेनवर होतो. फुटलेल्या गाडीत हात घातला आणि करंट आला. महाराजांच्या कड्याने तो मनगटापाशी अडवला. कडं वितळलं, पण माझा जीव वाचवला."

लोक पेटीपुढे डोकं टेकवू लागले.  ओंकार हर्षालीचा धाकटा भाऊ होता.

*

अपघात तळेगाव-चाकण रस्त्यावर झाला होता. एका हायब्रिड गाडीला मागून कंटेनरने ठोकलं. गाडीचा मागचा भाग दुमडला आणि मागच्या सीटखालची मोठी बॅटरी उकलली. मागे एक बाई अडकली होती. तिचा पट्टा सुटत नव्हता आणि ती सारखी "बाळा, मला काढ" म्हणत होती. अग्निशमन दलाची गाडी ट्रकांच्या रांगेत अडकलेली. ओंकारची क्रेन आधी पोचली.

क्रेनच्या खोक्यात विजेच्या कामाचे खास रबरी हातमोजे होते. हर्षालीनेच ते आणून दिले होते. ओंकारच्या सगळ्या टोळीला तिने एकदा यार्डात बसवून शिकवलंही होतं. गाडी शांत आहे म्हणजे बंद आहे असं समजू नका. आधी चाकांना अडण लावा, बटण बंद करा, सर्व्हिस प्लग उपसा, थोडा वेळ थांबा. अंगठी, घड्याळ, कडं, साखळी, अंगावर धातू नको. आणि बॅटरीच फुटली असेल तर तिच्याजवळ हात नेऊ नका, कारण प्लग उपसला तरी तारा मरतात, बॅटरी मरत नाही.

पोरांनी ऐकलं, चहा घेतला आणि पुढच्याच गुरुवारी बाबाकडून कडी बांधून घेतली.

ओंकारने मोजे खोक्यातच राहू दिले. बाईचा पट्टा सोडवायला त्याने सीटखाली उजवा हात घातला. मनगटातलं कडं बॅटरीच्या दोन उघड्या पट्ट्यांवर टेकलं. स्फोटासारखा आवाज झाला, डोळे दिपवणारा पांढरा-निळा लोळ उठला आणि ओंकार मागे फेकला गेला. नंतर आलेल्या जवानांनी गाडीची एक बाजू कापून त्या बाईला सुखरूप काढलं. ओंकारचा हात मात्र डॉक्टरांना वाचवता आला नाही.

दवाखान्यात आई रतनबाई ओंकारच्या उशाशी बसून पुटपुटत होती, "महाराजांनी राखलं गं बाई. कडं नसतं तर पोरगंच गेलं असतं."

"आई, कड्यानेच हात गेला," हर्षाली म्हणाली.

"तुला काय ठावं? तू तिथं हुतीस व्हय?"

"करंट ओंकारच्या अंगात शिरलाच नव्हता, आई. तो कड्यातून गेला. तांब्यातून वीज किती पटकन धावते, ते तुला शेतातल्या मोटारीच्या तारेवरून माहीत आहे. सगळा जोर त्या एवढ्याशा कड्यावर आला, ते तापून लाल झालं, वितळलं आणि मनगट भाजून काढलं. हात मोकळा असता, वर रबर असतं, तर आज ओंकार घरी जेवत असता."

ओंकार छताकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "ताई, तू म्हणतेस तसं असेल, तर माझा हात फुकट गेला."

हर्षाली त्याची चादर सारखी करू लागली, पण तो थांबला नाही.

"महाराज म्हणतात, हात देवीने घेतला आणि जीव दिला. तू म्हणतेस, मी मूर्खासारखा गेलो नि हात गमावून बसलो. आता सांग, मी काय घेऊन जगू?"

त्या दिवसापासून हर्षालीच्या पोटात जो निखारा पडला, तो विझला नाही. तिला भावाला दोष देता येईना. ज्याने त्याला कडं घातलं, त्याच माणसाने त्याच्या तुटक्या हाताची जाहिरात केली होती. ती वर्गात शिकवायची, रावेतच्या घरी येऊन स्वयंपाक करायची, पोळी लाटता लाटता तिला ती विंचरलेली दाढी दिसायची आणि लाटणं हातात घट्ट व्हायचं. त्या माणसाने भाजून निघावं, त्याने किंचाळावं आणि ते आपण उभं राहून बघावं, असं तिला वाटायचं. वाटायचं म्हणजे अगदी मनापासून वाटायचं.

*

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा गेली, या वेळी चौथऱ्याच्या अगदी कडेला. ती बाबांच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती साहेबरावाच्या हातांकडे बघत होती.

पडद्याआड जाताना साहेबरावाने नैवेद्याचं ताट एका तळहातावर मिरवत नेलं. येताना तेच ताट, त्यात नुसती फुलं, तरी त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं. झेंडूचं वजन इतकं कधीपासून होऊ लागलं? आणि त्या फुलांच्या केशरी राशीत एक केशरी कडा जरा जास्तच गुळगुळीत होती.

सर्व्हिस प्लग! मोठ्या बॅटरीची साखळी मध्येच तोडणारा, हातात मावेल एवढा प्लॅस्टिकचा ठोकळा. तो उपसला की केशरी तारांकडे जाणारी वीज थांबते. तारांच्या दुसऱ्या टोकाला साठून राहिलेली उरलीसुरली वीज ओसरायला मात्र थोडा वेळ लागतो.

म्हणून आरती लांबलचक होती!

हर्षालीच्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं. बाबा आधी जिवंत तारांवर बल्ब लावून दाखवत होते. मग प्लग उपसायला माणूस पाठवत होते. मग वीज ओसरेपर्यंत टाळ कुटत होते. शेवटी मनगटातला धातू उतरवून ठेवत होते. लोकांना वाटायचं, महाराज किती नम्र, कडंसुद्धा देवीच्या पायाशी ठेवतात! तिने टोळीला जे जे शिकवलं होतं, ते ते हा माणूस चौथऱ्यावर एकेक करून, न चुकता, क्रमाने करत होता. स्वतःच्या जिवासाठी शास्त्र, आणि दुसऱ्यांच्या पोरांसाठी कडं.

त्या संध्याकाळी ती भ्रमात असलेल्या माणसावर चिडली नव्हती. हा माणूस भ्रमात नव्हताच. त्याला सगळं माहीत होतं.

तिने जयदीपला गाठलं. जयदीप अग्निशमन दलातला अधिकारी. त्या अपघातात कापाकापी करून बाईला बाहेर काढणारा तोच.

"थेट तक्रार देऊ," जयदीप म्हणाला. "जादूटोणाविरोधी कायदा आहे. आत जाईल."

"आज आत गेला तर लोक चौकीबाहेर बसून आरत्या म्हणतील. आधी त्याला त्याच्याच चौथऱ्यावर उघडा पाडायचा, सगळ्यांसमोर. मग पोलीस."

"आणि काही भलतंसलतं झालं तर?"

"म्हणून तर तुम्ही हवेत. चार जवान घेऊन या. पोलिसांनाही बाहेर उभं करा."

जयदीपने तिच्याकडे निरखून पाहिलं. "मॅडम, तुमच्या डोक्यात नक्की काय आहे?"

"वीज मोजायचं मापक यंत्र आहे आणि हातमोजे आहेत," ती म्हणाली. बाकी जे डोक्यात होतं, ते तिने सांगितलं नाही.

*

ठरलेल्या गुरुवारी शेड ओसंडून वाहत होती. रतनबाई पहिल्या रांगेत, मांडीवर हार. जयदीप जवानांसह चौथऱ्याच्या कडेला, पोलीस फाटकाबाहेर. ओंकार पेटी घेऊन चौथऱ्यावर. बल्ब पेटले, विझले. आरती सुरू झाली. साहेबराव पडद्याआड गेला आणि ताट घेऊन बाहेर आला.

हर्षाली वाटेतच उभी होती. "द्या भाऊ, थकला असाल. मी धरते," असं म्हणत तिने दोन्ही हातांनी ताट ओढून घेतलं. साहेबराव गांगरला. एवढ्या लोकांसमोर बाईच्या हातातून प्रसादाचं ताट हिसकावणार कसं?

"ताई, ते... ते देवीचं आहे."

"मग देवीकडेच नेते."

ती पडद्याआड शिरली. फुलं बाजूला सारली. प्लग हातात आला. समोर डिकीच्या तळाशी त्याची रिकामी खाच दिसत होती. बाहेर टाळ्यांचा कल्लोळ चालला होता आणि बाबा डोळे मिटून डोलत होते.

प्लग खाचेत दाबायचा, दांडी आडवी करायची. मग पुढे जाऊन बटण दाबायचं. ही गाडी सुरू झाली तरी आवाज करत नाही, कुणाला काही कळणार नाही. आरती संपली की तो स्वतःच्या हातांनी दोन्ही टोकं धरील. एका मुठीतून दुसऱ्या मुठीत, मध्ये छाती. त्याने ओंकारच्या गळ्यात मारलेला आशीर्वाद त्याला व्याजासकट परत मिळेल.

तिने प्लग खाचेच्या तोंडाशी नेला. 

मग तिला पुढचं दिसलं. बाबा पडलेले. लोक छाती पिटताहेत. कुणीतरी माइकवर सांगतंय, महाराज मातेत विलीन झाले. चौथऱ्यावर संगमरवर. दर गुरुवारी दुप्पट गर्दी, दुप्पट कडी. मेलेला बाबा उघडा पडत नाही, त्याची समाधी होते. तिला हा माणूस जिवंत हवा होता, चांगला धडधाकट आणि लाजेने काळाठिक्कर पडलेला. तिने आतापर्यंत मागितलेला सूड या सुडापुढे अगदीच किरकोळ होता.

तिने प्लग ओढणीत गुंडाळला, कमरेला खोचला आणि डिकीचं दार धाडकन आपटलं.

आरती संपली. बाबांनी कडं काढून तसबिरीपाशी ठेवलं. हात तारांकडे निघाले.

"थांबा महाराज!" हर्षाली चौथऱ्यावर चढली आणि तिने माइक उचलला. "एक गोष्ट सांगायची राहिली. देवीच्या गाभाऱ्यातून साहेबरावांच्या हातून एक वस्तू चुकून बाहेर आली होती. ती मी आत्ता जागच्या जागी नेऊन ठेवली आणि गाडीचं बटणही दाबलं. आता माता पूर्ण शक्तीने आहे. धरा."

बाबांचे हात हवेतच थांबले.

"धरा ना महाराज," पुढचा एक क्रेनवाला भक्तिभावाने म्हणाला.

बाबांनी साहेबरावाकडे पाहिलं. साहेबरावाने डिकीकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला आणि तो किंचाळला, "मालोजी, हात लावू नको! प्लग बसवलाय तिने! मरशील!"

माइक चालू होता. शेडच्या चारही कर्ण्यांतून ते वाक्य खराबवाडीभर गेलं.

विद्युतानंद महाराज टुणकन मागे उडाले. कफनी पायात अडकली आणि ते समईसकट चौथऱ्याखाली कोलमडले.

"मालोजी कोण?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"आणि प्लग कसला?"

"आज... आज मातेची आज्ञा नाही," बाबा कफनी सावरत म्हणाले. "ही बाई अपवित्र... हिने गाभारा बाटवला..."

"आज्ञा मघापर्यंत होती," हर्षाली म्हणाली. "कड्यावर एवढा विश्वास आहे ना? मग कडं घाला आणि धरा. माझ्या भावाच्या मनगटात तुम्ही ज्या मंत्राने घातलंत, त्याच मंत्राने घाला."

बाबा हलले नाहीत. तेवढ्यात मागून आवाज आला. ओंकार उठला होता. पेटी त्याने जमिनीवर ठेवली होती.

"महाराज," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "तुम्ही तार धरायच्या आधी दर वेळी कडं काढून का ठेवता?"

त्याने तसबिरीपाशी ठेवलेल्या कड्याकडे बोट दाखवलं.

"मी किती गुरुवार इथे बसलोय. दर वेळी बघत आलो. तुम्ही काढून ठेवता. मला मात्र सांगितलंत, झोपतानासुद्धा काढू नकोस. का?"

 उत्तर दिलं साहेबरावाने. तो खालीच बसला होता. "कारण धातू असला की जळतं. आम्ही दोघं गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरला होतो. तिथं पहिल्याच दिवशी शिकवतात हे. कडं, अंगठी काही घालायचं नाही म्हणून. याला सगळं ठाऊक हाय. मी म्हटलं होतं, क्रेनवाल्यांना नको देऊस. त्यानं ऐकलं न्हाई."

ओंकारने ते ऐकलं.  आपल्या संपलेल्या मनगटाकडे त्याने एकदा पाहिलं आणि काचेच्या पेटीला लाथ मारली.

आता हर्षालीने कमरेचा प्लग काढून उंच धरला. "हा बघा. मी बसवलाच नव्हता. तारा मघापासून मेलेल्याच आहेत. जिवंत होती ती फक्त याची भीती."

तिने बांगड्या आणि घड्याळ काढून जयदीपच्या हाती दिलं, हातमोजे चढवले, मापक यंत्र आधी गाडीच्या छोट्या बॅटरीवर लावून चालतंय हे लोकांना दाखवलं आणि मग तारांच्या टोकांना लावलं. आकडा शून्य. मग मोजे उतरवले आणि दोन्ही टोकं उघड्या मुठींत धरली.

"माझ्या अंगात माता आली का?" तिने विचारलं. "आई, तू ये. ती पाटली काढ आणि ये."

रतनबाई उठली. गर्दीने वाट दिली. तिने पाटली काढून दोन्ही टोकं धरली.

"काय लागतंय, आई?"

"काय न्हाई," रतनबाई म्हणाली. "गार तार लागतिया."

 मग ती तार सोडून चौथऱ्यावरून उतरली आणि समईच्या तेलात बसलेल्या बाबापुढे जाऊन उभी राहिली. तिने शिवी दिली नाही की चप्पल उगारली नाही. दोन्ही हात पसरून म्हणाली, "माझ्या लेकाचा हात दे."

बाबा तेलातून मागे सरकला.

"दे की. माता तुझ्या अंगात येती ना? सांग तिला, ओंकारचा हात पायजे."

मग मात्र गर्दी उसळली. कड्यांचा पाऊस पडला. मनगटामनगटांतून निघालेली कडी बाबाच्या अंगावर येऊ लागली. दोघातिघांनी त्याची दाढी धरली. जयदीपच्या जवानांनी हात धरून बाबाभोवती कडं केलं आणि हर्षाली आडवी उभी राहिली.

"सरका ताई, हाणू द्या त्याला!" क्रेनवाला ओरडला.

"नाही. मार खाल्ला तर उद्या तो बिचारा होईल. मला तो बिचारा नकोय, आरोपी हवाय. तुमच्यातल्या ज्याच्या ज्याच्या हातात कडं होतं, त्याने बाहेर जाऊन जबाब द्यायचा. सगळ्यात आधी माझा भाऊ देईल."

ओंकारने होकारार्थी मान हलवली. पोलीस आत आले तेव्हा बाबाने हर्षालीकडे बघून हात जोडले. "ताई, मला माफ करा. पोटासाठी केलं."

"तुमच्या पोटासाठी त्याचा हात गेला," हर्षाली म्हणाली. "माफी मी देणार नाही. आज नाही आणि नंतरही नाही."

*

खटला उभा राहिला. काही काळ आत काढून मालोजी जामिनावर सुटला. दाढी उतरवली, नाव बदललं आणि ताम्हिणीच्या वाटेवर एका गावात नवा तळ ठोकला. तिथे तो म्हणे इन्व्हर्टरच्या बॅटरीला हात लावून कंबरदुखी बरी करायचा.

पहिल्याच रविवारी त्याने डोळे उघडले तर पहिल्या रांगेत हर्षाली बसलेली, शेजारी ओंकार.  मालोजी मंत्र विसरला, पाणी प्यायला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा विसरला आणि देवी आज प्रसन्न नाही म्हणून उठून गेला. त्यानंतर त्याने आणखी दोन ठिकाणी पथारी मांडली. ती दोघं तिथेही पहिल्या रांगेत होती. शेवटी बाबागिरी सोडून तो कुठल्याशा गोदामात मालाचे खोके मोजायला लागला. कुणीतरी हर्षालीला म्हणालं, आता तरी सोड. ती म्हणाली, त्याला शिक्षा होईल तेव्हा मी सोडीन. आणि दर तारखेला ती कोर्टात हजर राहिली.

त्या पहिल्या रविवारी मालोजी उठून गेल्यावर त्या गावची माणसं गोंधळून तिथेच बसून राहिली होती. ओंकार त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याने आपलं मनगट झाकलं नाही.

"मंडळी, विजेला देव कळत नाही नि धर्म कळत नाही," तो म्हणाला. "तिला फक्त वाट कळते. जिथून वाट मिळेल तिथून ती जाते, मग तिथं चोर असो की साधू. तिच्यापासून जपायचं तर ती कुठून जाते ते शिकावं लागतं, आणि ते शिकवणारी माणसं फुकट शिकवतात. रस्त्यात कुणी गाडीत अडकलं तर जरूर धावा. पण धावताना ज्ञान सोबत न्या, गंडा नको. आणि तुमच्यासमोर कुणी चमत्कार केला, तर हात जोडायच्या आधी त्याला एवढंच विचारा, की बाबा, जे आम्हाला घालायला सांगतोस, ते तू स्वतः घालतोस का? मी हे विचारलं. पण हात गेल्यावर विचारलं. तुम्ही आधी विचारा."